वासरांच्या सेप्सिसवर व्हिटॅमिन सी: चाचणी घ्यायची तर वासरावरच घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा अंगावर आला की खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या ओल्या गोठ्यांत चार-पाच दिवसांची वासरं आणि रेडकं आडवी पडू लागतात. सकाळी दूध ओढणारं वासरू संध्याकाळी तोंडात बोट घातलं तरी चोखत नाही, कान गार लागतात, बेंबी सुजलेली असते आणि दुसऱ्या दिवशी ते दगावतं. अशा वासराला सलाईन लावताना ‘त्यात सी व्हिटॅमिन पण घाला, माणसांना घालतात तसं’ अशी मागणी आता गोठ्यागोठ्यांतून होते. औषध स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि नावात व्हिटॅमिन असल्यामुळे निरुपद्रवी वाटतं. या मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देणं आम्हाला बरोबर वाटत नाही, म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं असं. सेप्सिस झालेल्या वासराचा जीव व्हिटॅमिन सीने वाचतो, असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. पण हा प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि तो सोडवायला आपल्या भागातलं नवजात वासरू हे प्रयोगशाळेतल्या उंदरापेक्षा कितीतरी योग्य जनावर आहे. अट एकच, चाचणी गोठ्यात आजार जसा येतो तशाच आजारावर झाली पाहिजे.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते. रक्तात जंतू शिरले एवढ्याने सेप्सिस होत नाही. जंतूंशी लढताना शरीराचा स्वतःचा प्रतिसादच ताळतंत्र सोडतो आणि त्यात मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, मेंदू बंद पडू लागतात, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. माणसांच्या वैद्यकात २०१६ पासून हीच व्याख्या धरतात. आपल्याकडे ही अवस्था जनावरांच्या घटसर्पात दिसते, दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीत दिसते, जार अडकून गर्भाशय सडलेल्या गाईत दिसते. पण सर्वांत जास्त दिसते ती चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, न मिळालेल्या वासरात. वासरू आईच्या पोटातून प्रतिकारद्रव्यं घेऊन येत नाही, ती सगळी चिकातून मिळतात. आतड्याचं ते दार जन्मानंतर तासागणिक मिटत जातं आणि सुमारे चोवीस तासांत बंद होतं. म्हणून पहिल्या सहा तासांत, जमल्यास पहिल्या दोनच तासांत, वजनाच्या दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. ‘जार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही समजूत अजून कित्येक घरांत आहे आणि ती वासरांच्या जिवावर उठते.

आता व्हिटॅमिन सीकडे. त्याच्यामागचा तर्क पोकळ नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हे व्हिटॅमिन स्वतःत साठवून ठेवतात, रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट. रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनालिन तयार करायला ते लागतं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्याच्यामुळे शाबूत राहायला मदत होते. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरला साधारण ५० ते ७० मायक्रोमोल असतं आणि सेप्सिसच्या रुग्णांत स्कर्व्ही (या व्हिटॅमिनच्या अभावाने होणारा आजार) व्हावी इतकं खाली गेलेलंही सापडतं. मग बाहेरून दिलं तर फायदा व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल.

२०१७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून तसा निष्कर्ष आला आणि जगभर खळबळ उडाली. दर सहा तासांनी दीड ग्रॅम व्हिटॅमिन सी, दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि दर बारा तासांनी २०० मिलिग्रॅम थायमिन. असे उपचार केलेल्या ४७ रुग्णांपैकी ४ दगावले, तसे उपचार न केलेल्या ४७ पैकी १९. आकडे डोळे दिपवणारे होते, पण तुलना एकाच वेळच्या रुग्णांची नव्हती. ‘न केलेले’ रुग्ण आधीच्या सात महिन्यांतले होते. ऋतू वेगळा, जंतू वेगळे, आणि नवीन उपचाराच्या उमेदीने काम करणारे हातही वेगळ्या जोमाचे. चिठ्ठ्या टाकून एकाच वेळी दोन गट केले तेव्हा चित्र पालटलं. २०२० च्या २१६ रुग्णांच्या चाचणीत फरक दिसला नाही. २०२१ मध्ये ५०१ रुग्णांच्या चाचणीतही नाही. आणि २०२२ मध्ये ८७२ रुग्णांच्या चाचणीत, जिथे किलोला ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी चार दिवस दिलं, तिथे व्हिटॅमिन मिळालेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण ४४.५ टक्के निघालं आणि न मिळालेल्या गटात ३८.५ टक्के. म्हणजे व्हिटॅमिनवाल्यांचंच जास्त वाईट झालं. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही २०२१ मध्ये शिरेतून व्हिटॅमिन सी देऊ नये असंच सुचवलं. ‘माणसांना देतात तसं’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकून घ्यावं. एक बाजू मात्र सांगायला हवी. २०१९ च्या १६७ रुग्णांच्या चाचणीत मुख्य मापात काहीच फरक नव्हता, पण २८ दिवसांतले मृत्यू व्हिटॅमिनच्या गटात २९.८ टक्के आणि दुसऱ्यात ४६.३ टक्के होते. त्यामुळे विषय संपला असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

मग उंदरांवर चांगलं दिसलेलं माणसांत का फसलं? याचं उत्तर चाचणीच्या बारकाव्यांत आहे आणि वासरांवर काम करायचं असेल तर ते बारकावे समजून घ्यावेच लागतील.

उंदरात सेप्सिस आणायच्या दोन वाटा नेहमीच्या. एक म्हणजे जंतूंच्या कवचातलं विष टोचणं. यात जिवंत जंतू नसतोच. शिवाय उंदीर हे विष माणसाच्या कितीतरी पट पचवतो, तर गाय, मेंढी आणि माणूस त्याला फार हळवे. दुसरी वाट म्हणजे भूल देऊन पोट उघडायचं, आंधळं आतडं दोऱ्याने बांधायचं आणि सुईने भोक पाडायचं, म्हणजे आतला मळ पोटात झिरपतो. हा प्रकार खऱ्या आजाराच्या जवळ जातो, पण तो करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो. दोरा टोकापासून किती अंतरावर बांधला, सुई १८ नंबरची की २२ ची, भोकं एक की दोन, दाबून मळ किती काढला, यावर उंदीर एका दिवसात मरतो की गळू धरून आठवडाभर जगतो ते ठरतं. एकाच प्रयोगशाळेत सकाळी केलेला गट आणि थकल्यावर दुपारी केलेला गट वेगळे निघू शकतात. म्हणून सगळे औषधाचे उंदीर आधी आणि सगळे तुलनेचे नंतर, असं करणं ही घोडचूक.

त्याहून मोठी चूक वेळेची. बऱ्याच प्रयोगांत औषध आजार उभा राहण्याआधी किंवा पहिल्या काही तासांतच दिलेलं असतं. सोबत अँटिबायोटिक नाही, पुरेसं सलाईन नाही. अशा उंदराला दुसरं काहीच मिळत नसताना व्हिटॅमिनने हात दिला तर त्यातून एवढंच कळतं, की काहीच न देण्यापेक्षा ते बरं. गोठ्यात वासरू दाखवायला आणतात तेव्हा आजाराला बारा ते चोवीस तास होऊन गेलेले असतात आणि अँटिबायोटिक व सलाईन तर मिळणारच असतं. प्रश्न त्यावर भर घालून काही साधतं का, हा आहे. २०१७ साली व्हिएन्नात तज्ज्ञ याच दुखण्यावर बसले आणि पुढच्या वर्षी सेप्सिसच्या प्राणिप्रयोगांसाठी किमान दर्जाचे निकष प्रसिद्ध झाले. त्यात सलाईन, अँटिबायोटिक आणि प्राण्याचा त्रास मोजून वेळीच थांबणं या गोष्टी आल्या आहेत.

आणि मुळातला फरक निराळाच. उंदीर स्वतःच्या यकृतात व्हिटॅमिन सी बनवतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, सगळे बनवतात. कोंबडी मूत्रपिंडात बनवते. माणूस, माकडं आणि गिनीपिग यांच्याकडे ते बनवण्याच्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम चालत नाही, म्हणून त्यांना ते आहारातूनच लागतं. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने पूर्वीही अभ्यासकांची वर्षं वाया गेली आहेत. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये कबुतरांऐवजी गिनीपिग घेतले आणि धान्यावर ठेवलेल्या त्या प्राण्यांना स्कर्व्ही झाली. कबुतराला ती कधी झालीच नसती, कारण ते स्वतः व्हिटॅमिन बनवतं. जनावर बदललं आणि कोडं सुटलं.

आता वासराकडे या. वासरू जन्मतः हे व्हिटॅमिन बनवत नाही. वयाच्या साधारण तीन आठवड्यांनंतर त्याचं यकृत ते काम हळूहळू हाती घेतं. तोवर जे काही आहे ते आईकडून आलेलं आणि चिकातून, दुधातून मिळालेलं. म्हणजे वयाच्या पहिल्या तीन आठवड्यांत, जेव्हा वासरांत सेप्सिस सर्वांत जास्त होतो, तेव्हा वासरू या एका बाबतीत माणसासारखं असतं. जंतूंच्या विषालाही ते माणसासारखंच हळवं. आजार आपणहून आलेला असतो, कुणी पोट उघडून आणलेला नसतो. उंदरांच्या पिंजऱ्यात जे मिळत नाही ते आपल्या गोठ्यांत समोर आहे आणि त्यासाठी एकाही निरोगी जनावराला आजारी पाडावं लागत नाही. या कारणाने आम्ही वासराचा आग्रह धरतो. मोठ्या गाई-म्हशींत हा हिशेब लागू नाही. त्यांना तोंडाने दिलेलं साधं व्हिटॅमिन सी तर कोठीपोटातच (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातच) नासतं, तेव्हा खुराकात गोळ्या मिसळण्याचा खर्च करू नये.

इथे एक शंका रास्त आहे. मेंढी स्वतः व्हिटॅमिन बनवते, तरी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फ्लोरी संस्थेत मेंढ्यांवर मोठा परिणाम दिसला, तो कसा? तिथे मेंढ्यांच्या शिरेत जिवंत ई. कोलाय जंतू सोडून जवळपास दिवसभर आजार चढू दिला आणि मग सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे व्हिटॅमिन सीचा सोडियम क्षार, दिलं. पहिल्या अर्ध्या तासात किलोला अर्धा ग्रॅम, त्यानंतर साडेसहा तास दर तासाला किलोला अर्धा ग्रॅम. ताप उतरला, लघवी सुटली, रक्तदाब सावरला, मूत्रपिंडातला ऑक्सिजन वाढला. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण एकूण मात्रा पाहा: किलोला पावणेचार ग्रॅम. चाळीस किलोच्या मेंढीला दीडशे ग्रॅम. इतक्या मात्रेत ते व्हिटॅमिनची उणीव भरत नाही, वेगळं औषध म्हणून काम करतं. शिवाय तिथे काही तासांतले बदल मोजले होते, मेंढी महिनाभराने कळपात चरते आहे का हा त्या प्रयोगाचा प्रश्न नव्हता. उणीव भरून काढणं आणि ग्रॅमच्या मात्रेत औषध म्हणून देणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांच्या चाचण्याही वेगळ्याच व्हायला हव्यात.

मेंढीची मात्रा वासराला लावून पाहू या. ३५ किलोचं वासरू धरलं तर सुमारे १३१ ग्रॅम. पाच मिलीत ५०० मिलिग्रॅम अशा ॲम्प्यूल फोडायच्या तर अडीचशेच्या वर, आणि नुसतं औषधच तेराशे मिली. त्यात सोडियम किती? एका ग्रॅम सोडियम ॲस्कॉर्बेटमध्ये पाच मिलिमोलच्या आसपास, म्हणजे एकूण ६६० मिलिमोल. साध्या सलाईनच्या सव्वाचार लिटर बाटल्यांत असतं तेवढं सोडियम सात तासांत, तेही मूत्रपिंड आधीच कुरकुरत असलेल्या वासरात. हे गोठ्यात करायचं काम नव्हे. आणि सोडियम ॲस्कॉर्बेटच्या जागी नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचं आम्ल रूप, असं ओतलं तर हगवणीने आधीच आम्लता झालेल्या वासराला आणखी आम्ल चढेल.

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे तर ऑक्झॅलेटचं सांगतो. व्हिटॅमिन सी शरीरात मोडतं तेव्हा त्यातून काही ऑक्झॅलेट तयार होतं, ते कॅल्शियमशी मिळून स्फटिक धरतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्या बुजवू शकतं. उसाच्या वाड्यात (चाऱ्याला घालतात त्या शेंड्यांत) ऑक्झॅलेट असतं हे अथणी, कागवाड, रायबागच्या पशुपालकांना सांगायला नको. वाड्यातल्या ऑक्झॅलेटचा बराचसा निकाल कोठीपोटातले जंतू लावतात. पण शिरेतून दिलेल्या व्हिटॅमिनपासून बनलेलं ऑक्झॅलेट कोठीपोटात जातच नाही, ते रक्तातून थेट मूत्रपिंडात उतरतं. तेव्हा नुसत्या वाड्यावर असलेल्या मोठ्या जनावराला हौसेने ग्रॅमवारी व्हिटॅमिन सी टोचू नका.

आता चाचणी कशी व्हावी ते. वय २१ दिवसांच्या आत. चोखण्याची इच्छा गेलेली किंवा अगदी मंद, सोबत उभं राहता न येणं, तापमान ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३८ च्या खाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल शिरा उठलेल्या, बेंबी किंवा सांधे सुजलेले, यांपैकी किमान दोन लक्षणं असलेलं वासरू घ्यावं. निदान ‘अंदाजे’ नको. तपासल्याबरोबर, अँटिबायोटिकच्या आधी, मानेच्या शिरेवरचे केस कापून, क्लोरहेक्सिडीन आणि स्पिरिटने पुसून, नव्या सुईने रक्त कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाटलीत घ्यावं. केस न कापता घेतलेल्या कल्चरमध्ये कातडीवरचे जंतू वाढतात आणि सगळा अभ्यास त्यांच्या मागे धावत बसतो. त्याच वेळी सीरममधलं प्रथिन रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावं. ते डेसिलिटरला ५.२ ग्रॅमच्या खाली असेल तर चीक नीट मिळालेला नाही असं धरतात. मात्र पाणी आटलेल्या वासरात हा आकडा खोटा वर चढतो, म्हणून डोळे किती खोल गेलेत तेही शेजारी लिहावं.

वजन करावं. नजरेने ठरवलेलं वजन दहा-दहा किलोंनी चुकतं. काटा नसेल तर छातीचा फेर टेपने घ्यावा. खिल्लार आणि होल्स्टीन संकर यांची वासरं एकाच मापाची नसतात.

दोन्ही गटांना पूर्ण उपचार मिळाले पाहिजेत. शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासात. आठ टक्के पाणी आटलेल्या ३५ किलोच्या वासराची तूट २.८ लिटर, ती अंगाइतक्या कोमट सलाईनने भरून काढायची. साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज. कोरडी पोती, ऊब, नळीने दूध. यात काटछाट करून व्हिटॅमिनचा परिणाम उठून दिसेल असं करणं म्हणजे वासराचाही घात आणि अभ्यासाचाही. मग एका गटाला किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे ३५ किलोला १.७५ ग्रॅम, दर सहा तासांनी चार दिवस. दिवसाला सात ग्रॅम, एकूण अठ्ठावीस ग्रॅम, छप्पन्न ॲम्प्यूल. दुसऱ्या गटाला तेवढंच साधं सलाईन. मात्रा मुद्दाम माणसांच्या मोठ्या चाचणीतलीच सुचवली आहे, म्हणजे तुलना करता येईल आणि तिथे दिसलेला तोटा इथेही दिसतो का ते कळेल.

‘दर सहा तासांनी’ हा शब्द सोपा वाटतो. मूत्रपिंड चालत असेल तर शिरेतून दिलेलं व्हिटॅमिन सी माणसात साधारण दोन तासांत निम्मं उरतं. दिवसातून एकदा टोचून गेलं की बाकी वेळ वासरू व्हिटॅमिनशिवायच असतं. पहाटे दोनची मात्रा कोण देणार? १९६२ वर फोन केल्यावर येणारं फिरतं वाहन ते करू शकत नाही. म्हणून ही चाचणी वासरू दाखल करून घेणाऱ्या ठिकाणीच शक्य आहे. मानेच्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी) बसवून टाक्याने पक्का करायचा, प्रत्येक मात्रेनंतर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या सलाईनने धुवायचा, रोज शीर चाचपून पाहायची. शीर दोरीसारखी कडक लागली की कॅथेटर काढून दुसऱ्या बाजूला. अस्वच्छ कॅथेटर हेच सेप्सिसचं नवं कारण होऊ शकतं.

औषध बाटलीत टिकतं का हाही प्रश्न आहे. उजेड, उष्णता आणि लोह-तांब्याचा अंश लागला की व्हिटॅमिन सी सडतं, आधी पिवळं, मग तपकिरी होतं. अथणीच्या एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली खोकी वापरू नयेत. मात्रा ऐन वेळी तयार करावी, बाटली आणि नळी काळ्या कागदाने झाकावी. या झाकण्याचा दुसरा उपयोग म्हणजे पिवळसर रंग पाहून ‘हे औषधाचं वासरू’ हे कुणाला ओळखता येत नाही. सोडा बायकार्ब चालू असलेल्या बाटलीत ते मिसळू नये, बुडबुडे सुटतात आणि दोन्ही औषधं वाया जातात. अँटिबायोटिकच्या सिरिंजमध्येही नको.

कोणत्या वासराला काय मिळेल हे आधी शिक्का मारून बंद केलेल्या, आरपार न दिसणाऱ्या पाकिटांतून ठरावं. आजचं वासरू औषधाचं, उद्याचं तुलनेचं, असं आलटून-पालटून केलं तर पुढचं काय ते सगळ्यांना कळतं आणि जरा बरं दिसणारं वासरू नकळत औषधाकडे सरकवलं जातं. आपल्या भागात आणखी एक गोष्ट निकाल फिरवू शकते: नर वासरू. संकरित गाईचा नर असेल तर त्याला दूध कमी मिळतं, दवाखान्यात उशिरा आणतात, मध्येच घरी नेतात. हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, दुधाच्या दरात ते पोसणं परवडत नाही हे आम्ही जाणतो. पण नर एका गटात जास्त पडले तर मरतूक त्यांच्यामुळे वाढेल आणि खापर किंवा श्रेय व्हिटॅमिनला मिळेल. म्हणून नर आणि मादी यांची पाकिटं वेगळी ठेवावीत. घरी नेलेल्या वासरांची गणतीही सोडू नये.

या सगळ्यात सर्वांत धोक्याची गोष्ट ग्लुकोमीटर. सेप्सिसच्या वासरात साखर झपाट्याने उतरते आणि आता बरेचजण कानाच्या थेंबावर माणसांच्या पट्टीने ती पाहतात. शिरेतून मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी दिलेलं असेल तर यातल्या बऱ्याच पट्ट्या व्हिटॅमिनलाच साखर समजतात आणि आकडा खोटा वर दाखवतात. पट्टी म्हणते साखर ठीक आहे, डेक्स्ट्रोज बंद होतं आणि वासरू साखर संपून झटके देत मरतं. वर दप्तरी नोंद ‘सेप्सिसने मृत्यू’. माणसांच्या अतिदक्षता विभागांतही हा धोका नोंदलेला आहे. चाचणीच्या काळात आणि शेवटच्या मात्रेनंतर निदान एक दिवस साखर फ्लोराइडच्या नळीत रक्त घेऊन प्रयोगशाळेतल्या हेक्झोकायनेज पद्धतीनेच पाहावी. हातातले काही लॅक्टेट मीटरही असेच फसतात, आणि लघवीच्या पट्टीवर साखर व रक्त असूनही दिसत नाही.

रक्तातलं व्हिटॅमिन सी मोजायचं तर रक्त बर्फात, अंधारात, लगेच सेंट्रिफ्यूज करून, मेटाफॉस्फोरिक ॲसिड घालून उणे ८० अंशांवर ठेवावं लागतं. टेबलावर तासभर राहिलेल्या नळीत ते घटतं आणि मग ‘सगळ्या वासरांत उणीव सापडली’ असा खोटा शोध लागतो.

संख्येचं साधं गणित. समजा तुलनेच्या गटात शंभरातली ४० वासरं दगावतात आणि व्हिटॅमिनने ती २० वर येतील अशी आशा आहे, तर नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी प्रत्येक गटात ८० च्या आसपास वासरं लागतात. ४० वरून ३० एवढाच फरक पकडायचा तर प्रत्येक गटात साडेतीनशेच्या वर. दहा वासरांना देऊन सात जगली, हा पुरावा होत नाही. ती सात तशीही जगली असती का हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. मोजायचं काय, तेही आधी लिहून ठेवावं: सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जिवंत आहे का, आणि ४८ तासांत स्वतः चोखू लागलं का. दगावलेल्या प्रत्येक वासराचं शवविच्छेदन काही तासांत व्हावं, मूत्रपिंडाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात ऑक्झॅलेटचे स्फटिक आहेत का हे पाहिलं जावं.

एका दवाखान्याचं हे काम नाही. अथणी तालुक्यात कोकटनूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. दोन राज्यांची दोन विद्यापीठं असली तरी जनावरांचा बाजार दोन्हीकडचा एकच आहे आणि जंतूंना चेकपोस्ट नसतो. दोन्ही महाविद्यालयांनी आपापल्या प्राणी नैतिकता समित्यांची मान्यता घेऊन एकच आराखडा चालवावा, अशी आमची जाहीर विनंती आहे. पशुपालकाचं संमतिपत्र मराठी आणि कानडी दोन्हींत छापलेलं असावं आणि त्यात स्पष्ट लिहावं, की तुमच्या वासराला व्हिटॅमिन मिळेलच असं नाही, मिळालं तर फायदा होईलच असं नाही, तोटाही होऊ शकतो आणि नको म्हटलंत तरी बाकी उपचार तितकेच होतील. न समजता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. विकत आणलेल्या वासराच्या चिकाची माहिती मिळत नाही, त्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहिण्याची मुभा हवी, नाहीतर लोक अंदाजाने ‘पाजला’ लिहितात.

तोवर पशुपालकांना एवढंच सांगणं. कुणी तुमच्या वासराच्या सलाईनमध्ये व्हिटॅमिन सी घातलंच, तर किती मिली आणि किती वाजता हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोठ्यात अडकवून ठेवा. पुढच्या वेळी येणारा डॉक्टर दुसरा असेल, त्याने साखरेची पट्टी बाहेर काढण्याआधी तो त्याच्या हातात द्या.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी परिसरातील काही पशुवैद्यक